हँडी सेटची रेंज वाढवायचा स्वस्त उपाय

पुरात नाहीतर वादळात मोबाईल टॉवर बसला की हॅमवाले (हौशी रेडिओवाले) हँडी, म्हणजे हातात धरायचा वायरलेस सेट, घेऊन निघतात, पण सोबतच्या आखूड रबरी अँटेनाने आवाज तुटत राहतो.

१. साधी मल्टीस्ट्रँड वायर ४९ सेंमी कापा (१४५ मेगाहर्ट्झसाठी, ४३५ ला साधारण १६).
२. एका टोकाला पातळ रिंग लग (गोल भोकाची धातूची चकती) दाबून बसवा, सोल्डर केलं तर उत्तमच.
३. अँटेना काढा, लग तिच्या आट्यांवर सरकवा, परत घट्ट फिरवा आणि वायर खाली लोंबत सोडा, दिसायला उंदराची शेपटी वाटते पण फरक पडतो, रिपीटर (आवाज पकडून पुढे पाठवणारं केंद्र) लांब असेल तर जास्तच कळतो.

लग मधल्या पिनला अजिबात लागता कामा नये, शॉर्ट झालं तर सेटचा फायनल (सिग्नल बाहेर सोडणारा शेवटचा ट्रान्झिस्टर) जाऊ शकतो.