सगळ्यांना पाचपैकी पाच? कॉलेजचा फीडबॅक फॉर्म भरताना आणि भरून घेताना या चुका टाळा

सेमिस्टर संपत आलं की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक पडते, खाली सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, लिहितो "आज रात्री १० पर्यंत भरा नायतर सर ओरडतील", आणि मग एसटी स्टँडवर गाडीची वाट बघता बघता पोरं दीड मिनिटात सहा विषय, सहा शिक्षक, लायब्ररी, कॅन्टीन, बाथरूम सगळ्याचं मूल्यमापन करून मोकळी होतात. मी कोकणातल्या एका छोट्या कॉलेजात शिकवते आणि गेली काही वर्षं आयक्यूएसीचं (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं) हे काम माझ्या गळ्यात आहे, म्हणजे फॉर्म बनवायचा, पोरांच्या मागे लागायचं, एक्सेल काढायची आणि रिपोर्ट लिहायचा. त्यामुळे चुका मला दोन्हीकडच्या माहितीयत, पोरांच्याही आणि आमच्याही. आमच्या जास्त आहेत, ते आधीच सांगून टाकते.

नुसता आकडा बघून निकाल लावू नका

एका वर्षी आमच्या एका सरांना 'आवाज व स्पष्टता' मध्ये अख्ख्या कॉलेजात सगळ्यात कमी मार्क पडले. सर मनाला लावून बसले, मीटिंगमध्ये त्यांना वर "जरा मोठ्याने बोलत जा" असा सल्लाही मिळाला. मी रात्री घरी बसून मोकळ्या रकान्यातली उत्तरं वाचत होते तर त्यात एकाने मालवणीत लिहिलेलं, "सर बरे शिकवतत पण पाऊस इलो की मागच्या बाकार कायएक ऐकाक येना नाय." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सरांचे तास नव्या पत्र्याच्या खोलीत होते आणि जुलैतला आपला पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की तिथे भीमसेनी आवाज असता तरी काही उपयोग नव्हता. तास स्लॅबच्या खोलीत हलवला, पुढच्या वेळी तक्रार गायब. सरांचा आवाज होता तेवढाच आहे. सगळ्या एक्सेलमध्ये कामाचं वाक्य ते एकच होतं, आणि ते आमच्या रिपोर्टमध्ये आलंच नसतं कारण रिपोर्टमध्ये आम्ही फक्त सरासरी टाकत होतो.

सरासरीची गंमत बघा. बारा जणांचा वर्ग, दहा जणांनी ५ दिले आणि दोघांनी १. बेरीज ५२, सरासरी ४.३३. दुसऱ्या वर्गात आठ जणांनी ४ दिले, चौघांनी ५. बेरीज परत ५२, सरासरी परत ४.३३. कागदावर दोन्ही शिक्षक सारखे. पण पहिल्या वर्गात दोन पोरं कुठेतरी पार बुडतायत आणि दुसऱ्यात सगळं बरं चाललंय. म्हणून सरासरीच्या शेजारी कोणी किती दिले ते पण लिहा, आणि साठच्या वर्गात चौदा जणांनीच फॉर्म भरला असेल तर तेही लिहा. ४.१ वाल्याला शाबासकी आणि ३.९ वाल्याला समज, असलं काही चौदा फॉर्मांवर करू नका, उगाच माणसं दुखावतात.

१ म्हणजे पहिला नंबर नव्हे

हे हसण्यासारखं वाटेल पण आमच्याकडे झालंय. एका आवडत्या मॅडमना एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, वर्गाने ढिगाने १ दिले. विचारलं तर म्हणे "मॅडम एक नंबर शिकवतात ना!" पट्टीच्या दोन्ही टोकांना मराठीत 'अजिबात नाही' आणि 'पूर्णपणे' असं लिहिलंत की हा घोळ मिटतो. त्यात नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाची पट्टी ० ते ४ अशी, आणि कॉलेजचा फॉर्म १ ते ५ असा, त्यामुळे गोंधळात भर. नॅकचा पहिलाच प्रश्न बघा, वर्गात अभ्यासक्रम किती शिकवून झाला, आणि तिथे ४ म्हणजे ८५ ते १०० टक्के, ० म्हणजे ३० टक्क्यांपेक्षा कमी. आकड्याला अर्थ दिलाय. 'चांगलं, खूप चांगलं, अतिशय चांगलं' अशी पट्टी असली की भरणाऱ्याने काय धरायचं?

आणि फॉर्म फक्त इंग्रजीत ठेवू नका हो. पोरं 'पंक्च्युअॅलिटी' ला अडखळत नाहीत पण मोकळ्या रकान्यात इंग्रजी लिहायचं म्हटलं की 'गुड' आणि 'नाइस' याच्यापुढे गाडी जात नाही. "मराठी, मालवणी, जशी येईल तशी लिहा" एवढी एक ओळ वर टाकली तेव्हापासून मला वाचायला काहीतरी मिळायला लागलं.

एका प्रश्नात दोन प्रश्न

"शिक्षक वेळेवर येतात व तयारी करून शिकवतात का?" आता सर येतात वेळेवर पण पुस्तकातलंच वाचून दाखवतात, तर टिक कुठे करायची? 'व', 'आणि', 'तसेच' दिसलं की प्रश्न फोडून दोन करा, बाकी काही अक्कल लागत नाही.

दुसरं म्हणजे 'लागू नाही' किंवा 'सांगता येत नाही' हा पर्याय ठेवा. आमच्या अर्ध्या मुली आतल्या गावांतून येतात, त्यांची गाडीच सव्वादहाला लागते, पहिला तास दहाचा. सर वेळेवर येतात का हे त्यांना कसं कळणार? पण चांदणी लावलेला प्रश्न असतो, भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, मग ठोकतात काहीतरी. तसंच "शिक्षकांचं विषयाचं ज्ञान कसं आहे?" हा प्रश्न मला कधीच पटलेला नाही. एफवायच्या पोराने ते ठरवायचं कशावरून? त्याला हे विचारा की उदाहरणं दिली का, शंका विचारल्यावर उत्तर मिळालं का, तपासलेले पेपर परत मिळाले का आणि किती दिवसांनी. जे त्याने डोळ्यांनी बघितलंय ते.

आता पोरांनो तुमच्याकडे येते

सगळ्यांना ५ देऊन सुटू नका आणि राग आला म्हणून सगळ्यांना १ पण देऊ नका. एका ओळीत सरळ खाली १,१,१,१ असलेला फॉर्म आला की वाचणारा माणूस तो बाजूलाच ठेवतो, खरं सांगते. "सर बोअर आहेत" याचं मी काय करू? त्यापेक्षा "तिसऱ्या युनिटमधली गणितं फक्त उत्तर सांगून सोडून दिली" लिहा, ते मी सरांपुढे ठेवू शकते, आणि सर पण चिडत नाहीत, म्हणतात "हो रे, तेव्हा निवडणुकीच्या ड्युटीला गेलो होतो, राहिलंच ते." "लॅब बेकार" पेक्षा "प्रॅक्टिकलला आठ जणांत एक मायक्रोस्कोप" हे वाक्य घेऊन मी संस्थेकडे पैसे मागायला जाऊ शकते. माणसाच्या कपड्यांवर, गावच्या हेलावर, जातीवर काही लिहायचं नाही, हे सांगायला लागू नये पण लागतं.

सिलॅबसचा राग शिक्षकावर काढू नका. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली बहुतेक साधी डिग्री कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत, अभ्यासक्रम तिथलं अभ्यास मंडळ ठरवतं, तुमच्या मॅडम त्यातलं एक युनिट पण काढू शकत नाहीत. 'फार मोठा आहे, जुना आहे' ही तक्रार खरी असली तरी ती अभ्यासक्रमाच्या फीडबॅकमध्ये लिहायची. कॉलेजवाल्यांनी पण हे दोन फॉर्म वेगळे ठेवावेत, एकात कालवले की सगळं शिक्षकाच्या नावावर जमा होतं.

"नाव कळेल" ही भीती सगळ्यात मोठी, आणि ती अगदीच खोटी नाही. गूगल फॉर्म उघडला की वर तुमचा स्वतःचा ईमेल दिसतो आणि पोरं घाबरून पाचच देतात. एकाने एकदाच भरावा म्हणून लॉगिन मागितलेलं असतं, तेवढ्याने ईमेल आमच्याकडे येत नाही, ईमेल गोळा करायचं सेटिंग बंद असेल तर तिथे ईमेलखालीच तो शेअर होत नसल्याचं लिहिलेलं असतं, ते वाचा. पण फॉर्मात फाईल अपलोड करायला सांगितली असेल तर खात्याचं नाव जातं. फॉर्म बनवणाऱ्यांनो, रोल नंबर विचारून वर 'गोपनीय' असं लिहू नका, पोरं दूधखुळी नाहीत. एमएस्सीच्या नऊ जणांच्या वर्गात मुलगा की मुलगी आणि तालुका कुठला हे विचारलं की देवगडची एकच मुलगी आहे, झालं ना उघड! एक्सेलमध्ये प्रत्येक उत्तराची वेळ पण पडते, तो कॉलम उडवूनच शीट पुढे द्यावी. वर्ग फारच छोटा असेल तर फॉर्म सोडा, दुसऱ्या विभागाच्या कोणालातरी अर्धा तास वर्गात पाठवा आणि बोलू द्या पोरांना. ज्यांच्याबद्दल बोलायचं ते शिक्षक मात्र तिथे नकोत.

आवडलं म्हणजे शिकलो का?

हे मी एका पाहुण्या वक्त्याच्या गोष्टीतून सांगते. १९७० साली अमेरिकेत काही संशोधकांनी एका नटाला 'डॉ. फॉक्स' म्हणून मोठ्या विद्वानाच्या थाटात उभं केलं, विषय गणितातली गेम थिअरी, समोर मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षणातली मंडळी. गडी विनोद करत, हातवारे करत झक्कास बोलला, बोलण्यात अर्थ जवळजवळ शून्य, आणि फॉर्मात लोकांनी त्याला चांगले शेरे दिले. १९७३ मध्ये हा प्रयोग छापून आला. आपल्याकडे दशावतारातला कसलेला राजा पार्टी नट आयत्या वेळी रचून तासभर संवाद फेकतो तेव्हा आपणही माना डोलावतोच की, फक्त तिथे तो नट आहे हे आपल्याला माहीत असतं. २००७ च्या दुसऱ्या एका अभ्यासात तर फॉर्म भरण्याआधी नुसती चॉकलेटं वाटली, ती पण शिक्षकाने नाही, फॉर्म घेऊन आलेल्या माणसाने, तरी मार्क वाढले. तेव्हा फॉर्मच्या दिवशी वर्गात फणसपोळी वाटणारे आमचे एक सहकारी अडाणी नव्हेत.

२०१७ मध्ये बॉब उट्ल आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले तर फीडबॅकमध्ये जास्त मार्क मिळवणाऱ्या शिक्षकांची पोरं जास्त शिकतात असं काही दिसलं नाही. आणि २०१५ मध्ये एका ऑनलाइन कोर्समध्ये शिक्षकांची नावं अदलाबदल करून बघितली, काही गटांना पुरुष शिक्षक आहे असं सांगितलं, काहींना बाई, आणि पुरुष समजलेल्याला मार्क जास्त, शिकवणारं माणूस तेच असलं तरी. मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या फॉर्मांमध्ये सर 'कडक' असतात आणि मॅडम 'चिडतात'.

म्हणून सांगते, या आकड्यावर कोणाची नोकरी टांगू नका. सगळ्यात जास्त मार ज्यांना बसतो ते तासिका तत्त्वावरचे लोक, सीएचबीवाले. ऑर्डर निघायला सप्टेंबर उजाडतो, तोवर सेमिस्टर अर्धं सरलेलं, मग तो माणूस धावत धावत पोर्शन संपवतो आणि पोरं लिहितात 'फार फास्ट'. बरोबरच लिहितात, पण पुढच्या वर्षी त्याला बोलवायचं की नाही हे त्यावरून ठरवलं तर तो पुढे काय करेल? सोपं शिकवेल, मार्क सढळ हाताने देईल, फणसपोळी आणेल.

उशीर

फॉर्म शेवटच्या आठवड्यात घेतला तर ज्याने तक्रार केली त्याला काही मिळत नाही, पुढच्या बॅचला मिळालं तर मिळालं. मग तो कशाला मन लावून लिहील? आम्ही आता गणपतीच्या सुट्टीआधी तीनच प्रश्नांची चिठ्ठी घेतो, कागदावर, पाच मिनिटं: काय समजतंय, काय समजत नाही, एक गोष्ट बदला. सुट्टीवरून आलं की तिथून उरलेलं सेमिस्टर सुधारता येतं. मोठा फॉर्म दिवाळीच्या आधी, पण वर्गातच वेळ देऊन, कारण घरी गेल्यावर काहींना रेंजसाठी वरच्या सड्यावर जायला लागतं. दुसऱ्या सेमिस्टरला शिमगा उरकला की लगेच, एप्रिल लागला की निम्मी पोरं परीक्षेच्या नावाखाली बागेत आंबे उतरवायला असतात, मग लिंक टाकून काही होत नाही.

नॅकचं सर्वेक्षण वेगळं, ते थेट तुमच्या ईमेलवर येतं, २१ प्रश्नांचं. २०१७ च्या नव्या पद्धतीत ते आलं तेव्हा कॉलेजांची पळापळ झाली कारण पोरांचे दिलेले ईमेल सायबर कॅफेवाल्याने ॲडमिशनच्या वेळी बनवलेले, पासवर्ड कोणाला माहीत? त्या पद्धतीत निदान दहा टक्के पोरांची किंवा शंभर, यातलं जे कमी ते, एवढी उत्तरं यायला लागायची. ॲडमिशनलाच चालू ईमेल घ्या आणि पोरांना स्पॅम बघायला सांगा. काय लिहायचं ते मात्र सांगू नका, आठ जणांची एकसारखी वाक्यं वाचली की कोणालाही कळतं.

शेवटची चूक आमची सगळ्यांत जुनी. रिपोर्टमध्ये 'कृती' या रकान्यात दरवर्षी तेच, "संबंधित शिक्षकांना सूचना देण्यात आल्या." वेबसाइटवर पीडीएफ चढवलं की संपलं, पोरांना कोणी काही कळवतच नाही. दोन वर्षांपूर्वी मी जिन्याजवळच्या बोर्डावर मराठीत एक पान लावलं, डावीकडे तुम्ही काय सांगितलंत, उजवीकडे काय झालं. पत्र्याच्या खोलीचं लिहिलं, तपासलेले पेपर पंधरा दिवसांत परत मिळतील हे लिहिलं, आणि पहिला तास साडेदहाला करता येणार नाही हेही कारणासकट लिहिलं, संध्याकाळची शेवटची गाडी चुकेल म्हणून. पुढच्या फॉर्मात एका मुलीने लिहिलं, "बोर्डावरचा कागद खूप उंच लावलाय, आम्हाला वाचता येत नाही."

खाली लावलाय आता.