तिवानाकूचं घर ओळखायचं ते अंगणावरून

बोलिव्हियात, टिटिकाका सरोवराच्या दक्षिणेला सुमारे ३,८५० मीटर उंचीवर तिवानाकू हे प्राचीन नगर आहे. बघायला येणारे अकापानाचा टप्प्याटप्प्यांचा उंचवटा आणि सूर्यद्वार पाहून परततात. पण इ.स. ५०० ते १००० च्या सुमारास लोक राहत होते ते या दगडी वास्तूंभोवती पसरलेल्या मातीच्या घरांत. गोट्यांचा पाया, त्यावर कच्च्या विटांची भिंत, वर गवती छप्पर. छप्पर गेलं की पावसात भिंत विरघळते आणि खणणाऱ्यासमोर उरते एकाच रंगाची माती. तिच्यातून घर शोधायचं आहे.

पहिली चूक होते ती ट्रेंच, म्हणजे उत्खननाचा खड्डा, लहान घेण्यात. दोन बाय दोन मीटरच्या चौकोनात इथे फार तर एखादा कोपरा मिळतो. वस्तीची रचना वाड्यासारखी होती: एका आवारभिंतीच्या आत खोल्या, स्वयंपाकाची जागा, साठवणीची पेवं आणि मोकळी अंगणं. म्हणून खोल जाण्याची घाई न करता आधी आडवं पसरा.

पाया लागला की त्याची रुंदी आणि दिशा मोजा. आवारभिंतीचा पाया सहसा खोलीच्या भिंतीपेक्षा जाड असतो आणि मुख्य वास्तूंप्रमाणे उत्तरेपासून काही अंश कललेला असतो. या कलाशी न जुळणारी गोट्यांची ओळ वेगळ्या काळाची असू शकते. गोटेच नसतील तरी हरकत नाही. तिवानाकूचे दगड शतकानुशतकं उचलले गेले, गावातल्या चर्चच्या बांधकामातही ते आहेत. पाया काढून नेला तरी त्याची चर भुसभुशीत मातीने भरलेली राहते. थापी जिथे सहज शिरते तिथे भिंत होती असं धरून पुढे चला.

विटा उभ्या असतील तर त्या पाहण्याची वेळ ठरलेली आहे. पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करा, पाण्याचा बारीक फवारा मारा आणि तो वाळताना बघत राहा. वीट आणि सांध्यातला गारा सारख्या वेगाने वाळत नाहीत, त्यामुळे काही मिनिटं सांधे उमटतात. तेवढ्यात खुणा करून घ्या. ऊन चढलं की सगळं पुन्हा तपकिरी.

पडलेल्या भिंतीच्या मातीतली खापरं मात्र घराचा काळ ठरवायला वापरू नका. विटांची माती जुन्या वस्तीच्या जागेवरूनच खणलेली असायची, तिच्यात आधीच्या पिढ्यांची खापरं आयती आलेली असतात. काळ ठरवायचा तो जमिनीला चिकटलेल्या वस्तूंवरून आणि चुलीतल्या कोळशावरून.

चोपून केलेली जमीन सापडली आणि ती रिकामी निघाली तर नाराज होऊ नका. ती झाडलेली जमीन आहे. मोठा कचरा बाहेर जातो, बारीक मागे राहतो. हाडांच्या चुऱ्या, खापरांचे कण आणि मण्यांचे तुकडे पायाखाली रुततात. म्हणून जमिनीचे एक-एक मीटरचे चौकोन पाडा आणि प्रत्येकाची माती वेगळी पिशवीत भरा. सगळी माती एकत्र केली की कुठे रांधलं आणि कुठे हत्यार घडवलं हे कायमचं पुसलं जातं. जमिनीखालीही थोडं पाहा. घर बांधताना पुरलेला लामाचा (उंटाच्या कुळातल्या इथल्या पाळीव जनावराचा) गर्भ तिथे निघू शकतो. इथल्या मूळनिवासी आयमारा लोकांत ही प्रथा आजही आहे.

खरं घबाड अंगणातल्या खड्ड्यांत असतं. राख, लामाची लेंडी, हाडं, फुटकी भांडी. यांतले काही मोठे खड्डे आधी विटांच्या मातीसाठी खणले गेले आणि नंतर कचऱ्याने भरले. हे खड्डे जुन्या जमिनी कापत खाली जातात, त्यामुळे खड्ड्याची कड आधी निश्चित करा, तो पूर्ण रिकामा करा आणि मगच भोवतालच्या थराला हात लावा. उलटं केलंत तर दोन काळांची खापरं एकाच पिशवीत येतील.

राखेची माती पाण्यात ढवळून वर तरंगणारं जळकं बी गोळा करायचं. कीन्वा या इथल्या धान्याचा दाणा जेमतेम दोन मिलिमीटरचा, त्यामुळे गाळणी अर्ध्या मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक हवी. आता इथली सगळ्यात फसवी गोष्ट: या पठारावर झाडं विरळ, म्हणून जळण शेणाचं. लामाने चरताना खाल्लेलं बी लेंडीतून चुलीत येतं. चुलीत कीन्वाच्या जातीचं बी सापडलं म्हणजे घरच्यांनी ते खाल्लं, असं लगेच लिहू नका; सोबत लेंडीचे जळके तुकडे आहेत का ते पाहा. बटाट्याचं उलट आहे. तो रोजचा खाऊ असला तरी फार कमी खूण ठेवतो. मका निघाला तर त्याची वेगळी नोंद करा, कारण या उंचीवर तो नीट पिकत नाही. बराचसा खालच्या खोऱ्यांतून यायचा आणि चिचा या पेयासाठीही लागायचा.

खापरांत काजळी धरलेली हंडी, मोठे रांजण आणि केरो नावाचे पसरट तोंडाचे पेले वेगवेगळे मोजा, तेही फक्त काठाचे तुकडे. अंगाचे तुकडे मोजले तर एक फुटका रांजण शंभर पेल्यांवर भारी पडतो. भाजताना वाकलेले, बिघडलेले तुकडे ढिगाने निघाले, तर तिथे नुसतं घर नसून कुंभारकामही चालत असावं. नगराच्या पूर्वेकडच्या चिही हाविरा वस्तीत नेमकं तेच सापडलं.