उंदराच्या ग्लायोमातल्या प्रतिकारक पेशी कशा वेगळ्या काढाव्यात आणि कशा ओळखाव्यात

मेंदूच्या आधारपेशींपासून वाढणाऱ्या ग्लायोमाच्या गाठीत प्रतिकारक पेशींची वानवा नसते. तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त पेशी मायक्रोग्लिया (मेंदूच्या मूळच्या प्रतिकारक पेशी) आणि मॅक्रोफेज (रक्तातून आलेल्या भक्षक पेशी) असतात. गाठीच्या पेशी मारू शकणाऱ्या टी पेशी मात्र थोड्या, त्याही बऱ्याचदा थकलेल्या, म्हणजे काम मंदावलेल्या. म्हणून नुसती संख्या मोजून हाती फारसे लागत नाही. यातल्या मेंदूच्या मूळच्या कोणत्या आणि रक्तातून आलेल्या कोणत्या, हे कळायला हवे. इथे होणारी गल्लत बहुतेकदा फ्लो सायटोमीटरपर्यंत (रंग लावलेल्या पेशी एकेक करून मोजणारे यंत्र) पोचण्याआधीच झालेली असते.

भूल खोल झाल्यावर हृदयाच्या डाव्या कप्प्यातून २० ते ३० मिली थंड पीबीएस (फॉस्फेटयुक्त खारे द्रावण) सोडा, उजवे अलिंद आधी कापून. यकृत फिके पडले की रक्त धुतले गेले असे समजा. पण गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात, त्यातले रक्त पूर्ण निघत नाही. पक्का उपाय हवा असेल तर उंदीर मारण्याआधी ३ मिनिटे शेपटीच्या शिरेतून सीडी४५ या प्रतिकारक पेशींवरच्या खुणेला चिकटणारी रंगीत अँटिबॉडी द्या. जिला तो रंग लागला ती पेशी वाहिनीतली, मोजणीतून बाद.

गाठ वजन करून घ्या. विरुद्ध बाजूचा मेंदूही वेगळा ठेवा, पुढे लागणार आहे. साधारण १ मिमीचे तुकडे करून ऊती सैल करणारे एन्झाइम कोलॅजिनेज-४ (१ मिग्रॅ/मिली) आणि फुटलेल्या पेशींचा डीएनए तोडणारे डीएनेज (०.१ मिग्रॅ/मिली) यांत ३७ अंशांवर ३० मिनिटे ठेवा. द्रावणात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेच पाहिजे. एन्झाइम त्यांच्याशिवाय चालत नाहीत. हेच धातू बांधून ठेवणारे ईडीटीए घालायचे ते शेवटी, क्रिया थांबवायला. मग ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. आरएनए काढायचा असेल तर ही उबदार पद्धत टाळा: ३७ अंशांवर मायक्रोग्लिया स्वतःच चेततात आणि गाठीचा म्हणून वाटलेला परिणाम प्रत्यक्षात वॉटर बाथचा असतो. त्यासाठी बर्फावर डाउन्स होमोजनायझर (हाताने ऊती चिरडणारी काचेची नळी आणि दांडी) वापरा.

आता मायलिन, म्हणजे चेतातंतूंवरचे मेदट आवरण, काढून टाका. ९ भाग पर्कोल (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारे द्रावण) आणि १ भाग दहापट पीबीएस मिळून १०० टक्के पर्कोल धरा. पेशी ३० टक्क्यांत घोळून ७० टक्क्यांच्या थरावर हळूच सोडा. सेंट्रिफ्यूज: ५०० जी, ३० मिनिटे, खोलीचे तापमान, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर विस्कटतात. वरची पांढरी मेदट साय आधी ओढून टाका, मगच दोन थरांमधल्या पेशी उचला. त्यांत किमान तिप्पट बफर घालून धुवा, नाहीतर दाट पर्कोलमुळे पेशी तळाला बसतच नाहीत.

मृत पेशींचा रंग प्रथिनरहित पीबीएसमध्ये आधी, मग १० मिनिटे एफसी ब्लॉक (अँटिबॉडी चुकीच्या जागी चिकटू नये म्हणून), मग अँटिबॉडी. एन्झाइमने पृष्ठभागावरच्या खुणा कापल्या का, ते पाहायला प्लीहेच्या पेशींना तेच एन्झाइम तितकाच वेळ देऊन एन्झाइम न दिलेल्या पेशींशी तुलना करा.

सीडी११बी ही मायक्रोग्लिया-मॅक्रोफेजची सामाईक खूण असलेल्यांत मध्यम सीडी४५ म्हणजे मायक्रोग्लिया, जास्त म्हणजे रक्तातून आलेल्या, हे पाठ्यपुस्तकातले गणित. गाठीत मायक्रोग्लिया सीडी४५ वाढवतात आणि आलेखावरचे दोन्ही ढग एकमेकांत मिसळतात. सीमा विरुद्ध बाजूच्या मेंदूवर आखा, सोबत सीडी४९डी हे पृष्ठभागावरचे प्रथिनही पाहा: ते मायक्रोग्लियावर नसते. पी२आरवाय१२ आणि टीएमईएम११९ या मायक्रोग्लियाच्या खुणांवर एकट्याने विसंबू नका, गाठीत त्याही घटतात.

टी पेशीवर पीडी-१ हे प्रथिन दिसले म्हणजे ती थकलीच असे नाही, नुकतीच चेतलेलीही ते दाखवते. टीआयएम-३ ही थकव्याची दुसरी खूण सोबत पाहा, आणि पेशी चेतवणारे पीएमए-आयोनोमायसिन, प्रथिने पेशीतच अडवणाऱ्या ब्रेफेल्डिनसह ४ तास देऊन इंटरफेरॉन गॅमा (टी पेशी चेतल्यावर तयार करतात ते प्रथिन) मोजा. पीएमएने सीडी४ ही मदतनीस टी पेशींची खूण पृष्ठभागावरून कमी होते, तेव्हा तिचा गेट (आलेखावर पेशी निवडायची चौकट) जपून आखा.

निकाल टक्क्यांबरोबर मोजणीचे मणी (संख्या माहीत असलेले, नमुन्यात मिसळायचे कण) वापरून गाठीच्या दर मिलिग्रॅमलाही द्या. मॅक्रोफेज वाढले की टी पेशींचा टक्का त्या तितक्याच असूनही घसरतो. डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड दिले असेल तर मात्रा नोंदवा, ते टी पेशी खरोखरच घटवते. रक्तातल्या टी पेशी कमी झाल्या म्हणजे त्या गाठीत शिरल्या असेही धरू नका. ग्लिओब्लास्टोमात (सर्वांत आक्रमक ग्लायोमा) एस१पी१ हा ग्राहक टी पेशींच्या पृष्ठभागावरून नाहीसा झाल्याने त्या अस्थिमज्जेत अडकून राहतात, हे २०१८ मध्ये दाखवले गेले. म्हणून मज्जेचा नमुनाही त्याच दिवशी घ्या.