गोचिडी शेळीवर कमी, गोठ्यात जास्त

शेळी भिंतीला अंग घासायला लागली की हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. थोडं थांबा. तिला उजेडात घ्या आणि नेमकं काय चावतंय ते बघा.

कानाच्या आत, शेपटीखाली, जांघेत, कासेजवळ, खुरांच्या बेचक्यात बोटं फिरवा. करड्या रंगाची टम्म फुगलेली गाठ लागली तर ती रक्त प्यालेली गोचीड. उवा बघायच्या तर पाठीवरच्या केसांत फुंकर मारा, मुळाशी पांढऱ्या लिखा दिसतील. तोंड-कानांवरचे केस झडून कातडी जाड झाली आणि खपल्या धरल्या, तर खरूज समजा. अशा जनावराला हात लावल्यावर साबणाने धुवा, माणसालाही खाज सुटते. जाता जाता डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. ती पांढरट असेल तर रक्त कमी झालंय. मात्र जंतांमुळेही असं होतं, म्हणून डॉक्टरांना दाखवा.

गोचिडी-उवांसाठी फवारणी चालते. 1.25 टक्के डेल्टामेथ्रिन असेल तर गोचिडींसाठी साधारण 1 लिटर पाण्यात 2 मिली, तरी बाटलीवरचं प्रमाण वाचाच. सकाळचं ऊन बघून करा आणि त्याआधी शेळ्यांना पोटभर पाणी पाजा, नाहीतर तहानेने ओलं अंग चाटतात. हातमोजे घाला, वारा पाठीवर घ्या, केसांच्या उलट दिशेने मुळापर्यंत भिजवा. डोळे-तोंड वाचवा. कान आणि शेपटीखालची जागा फडक्याने पुसून घ्या. लहान करडं, विण्याला आलेली शेळी किंवा जखम असलेलं जनावर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मेंढ्यांच्या दाट लोकरीत फवारा आत पोचतच नाही. त्यांना लोकर कातरल्यावर, कातरीच्या जखमा भरल्या की औषधाच्या पाण्यात बुचकळून काढावं.

लिखा आणि अंडी औषधाला दाद देत नाहीत, म्हणून 14-15 दिवसांनी पुन्हा फवारायचं. हीच दुसरी फेरी बहुतेकजण चुकवतात.

खरजेला डॉक्टर बहुधा आयव्हरमेक्टिन देतात. 1 टक्क्याचं औषध 50 किलो वजनाला 1 मिली, म्हणजे 25 किलोच्या शेळीला अर्धा मिली, तेही कातडीखालीच. बकरी ईदला विकायचा बोकड असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा, कारण औषधानंतर काही आठवडे मांस खायचं नसतं.

आता खरं काम. पहिल्या वर्षी आम्ही तीनदा फवारलं, गोचिडी तीनदा परत आल्या. शेवटी खिळ्याने भिंतीची एक फट उकरली, तर आत खसखशीसारखे तपकिरी अंड्यांचे पुंजके! पोट भरलं की मादी खाली पडते, फटीत शिरते, दोन-तीन हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते. शेळीच्या अंगावर दिसतात त्या थोड्याच.

म्हणून फवारणीच्याच दिवशी लेंड्या आणि वरची माती काढून लांब टाका. फटी, कोपरे, गव्हाणीच्या खालची बाजू औषधाने भिजवा. गव्हाण नंतर धुऊन घ्या आणि फटी सिमेंटने बुजवा, शेणमाती पुन्हा तडकते. पक्क्या भिंतींवर फ्लेम गन, म्हणजे आगीचा झोत सोडणारी नळी, फिरवता येते, पण जनावरं आणि चारा बाहेर काढूनच. वर गवताचं छप्पर असेल तर तो विचारही नको. हाताने उपटलेली गोचीड चिरडू नका, रॉकेलच्या डब्यात टाका.

आणि बाजारातून आणलेली शेळी, कितीही देखणी असली तरी, पहिले तीन आठवडे वेगळ्या खुंट्याला.