एचओ (१:८७ प्रमाणाच्या) मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर खडी चिकटवताना गोंदाचे थेंब गोळा होतात, खड्डे पडतात: माझा अनुभव

लक्षण असं: रुळांमधल्या कोरड्या खडीवर पातळ फेव्हिकॉलचा थेंब टाकला की तो आत मुरत नाही, गोळी होऊन वर बसतो, खडी ओढून घेतो आणि खाली खड्डा पडतो. घट्ट गोंदाने वर पांढरी साय आली, स्प्रे-बाटलीच्या झोताने खडी स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर) उडाली. अक्षरशः वैताग आला.

कारण पृष्ठताण आणि खडीतली धूळ. आपल्या ब्रॉडगेजची खडी साधारण ५० मिमी, म्हणजे १:८७ ला जेमतेम अर्धा मिमी. एवढ्या बारीक दाण्यांत साधं पाणी सहज शिरत नाही.

आधी बेसॉल्टची भुकटी चाळून, धुऊन पूर्ण वाळवली. मग तिच्यावरून चुंबक फिरवला. हे टाळू नका: बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, ते कण इंजिनाच्या मोटरला चिकटतात. खडी मऊ ब्रशने स्लीपरच्या माथ्याखाली बसवली. वीज बंद, खिडक्या उघड्या ठेवून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ड्रॉपरने रुळाच्या कडेला सोडलं, खडी तळापर्यंत काळी दिसेतो. ती ओली असतानाच एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब हे मिश्रण ड्रॉपरनेच दिलं, आधी रुळांच्या मध्ये, मग उतारावर. थेंब पडताक्षणी गायब झाला की समजा जमलं.

पॉइंटच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याच्या) हलत्या पात्यांजवळ मात्र ड्रॉपर नकोच. तिथे घट्ट गोंद ब्रशने लावून वर खडी भुरभुरवायची. रुळांचे माथे लगेच पुसले, चोवीस तास हात लावला नाही.