पद्मिनीचं स्टिअरिंग ढिलं? आधी दोष शोधा

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं स्टिअरिंग घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी पार ढिलं केलं. वागळे इस्टेटमधला मेकॅनिक म्हणाला, "स्टिअरिंग बॉक्सच (स्टिअरिंगचा गिअर असलेला डबा) बदला." मी थांबलो.

चाकं सरळ, इंजिन बंद. मुलाला स्टिअरिंग हलकं डावं-उजवं हलवायला सांगून मी खाली वाकलो. स्टिअरिंगचा शाफ्ट फिरतो पण ड्रॉप आर्म (बॉक्सखालचा, चाकांकडे हालचाल नेणारा हात) हलत नाही? दोष बॉक्सचा. आर्म हलतो, चाक नाही? बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा. स्टिअरिंग वर-खाली डुगडुगतं? कॉलमचा (शाफ्टभोवतीच्या नळीचा) वरचा बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणारी कडी. माझा तोच निघाला. तो बदलायला स्टिअरिंग काढावं लागतं.

हॉर्नची वायर असते, म्हणून आधी बॅटरी काढा. स्टिअरिंग आणि शाफ्टवर खूण करा. स्टिअरिंगचा मधला नट दोन-तीन आट्यांवर ठेवूनच पुलर (स्टिअरिंग ओढून काढायचं हत्यार) लावा, नाहीतर स्टिअरिंग निसटून थेट तोंडावर! हातोडा नकोच. गिअरचा दांडाही कॉलमवरच, त्यामुळे सोडवताना प्रत्येक जोडाचा फोटो घ्या. जुना बुश काढून शाफ्ट रॉकेलने पुसा, नव्याला ग्रीस लावून बसवा.