गल्लीतल्या वीस घरांचा ओला कचरा घरीच जिरवायचा तर

सुरुवात खताच्या बादलीपासून करू नका, घंटागाडीपासून करा. एखाद्या घरात आठवडाभर ओला-सुका वेगळा ठेवला आणि आठव्या दिवशी गाडीवाल्याने दोन्ही डबे एकाच हौद्यात उपडे केलेले दिसले, की ती गल्ली हातची गेली. मग वर्षभर कुणी ऐकत नाही. हौद्यात मधोमध पत्रा आहे का, पॅड-डायपर आणि सेल-ट्यूबसाठी मागे वेगळ्या पिशव्या टांगल्या आहेत का, हे आधी बघा. नसतील तर मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज घेऊन जा. घनकचरा नियमांत घरच्या वर्गीकरणाइतकीच पुढची वेगळी वाहतूकही स्थानिक संस्थेवर टाकलेली आहे. छोट्या गावाला हे जमत नाही म्हणणाऱ्यांना वेंगुर्ल्याचं नाव सांगा. तिथल्या नगरपरिषदेने वर्गीकरण रेटून धरलं, ओल्या कचऱ्याचा बायोगॅस केला, प्लॅस्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात घातले, आणि कचरा डेपो लोक बघायला येतात अशी जागा झाली.

गाडीचं जमलं की सात दिवस गल्लीचा ओला कचरा ताणकाट्यावर तोला. चार माणसांच्या घरात रोज 600 ते 800 ग्रॅम निघतो. वीस घरांचे साधारण 14 किलो. हा आकडा रोज खडूने कोपऱ्यावरच्या भिंतीवर लिहा. भाषणापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

पहिल्या फेरीत पाचच घरं घ्या. अंगणात तुळस, अळू, कढीपत्ता असलेली, म्हणजे खताला गिऱ्हाईक घरातच असेल. त्या पाचांत एक घर तरी तक्रारखोर हवं. त्या काकूंच्या बादलीला वास येत नाही म्हटल्यावर उरलेली पंधरा घरं आपणहून विचारायला येतात.

बादली विकत घेऊ नका. रंगाच्या दुकानात किंवा रंगाऱ्याकडे 20 लिटरचे रिकामे डबे मिळतात. एका घराला तीन लागतात: एक भरायला पंधरा-वीस दिवस, पुढे खत व्हायला पाच-सहा आठवडे. रंग खरवडून डबा धुवा. बाजूंना तळापासून चार बोटं सोडून वरपर्यंत, चार-पाच सेंटीमीटरच्या अंतराने 6 मिलिमीटरची भोकं पाडा. तळाला पाच-सहा पुरतात. ड्रिल नसेल तर तापवलेली सळई चालते, पण उघड्यावर, कारण धूर घशाला लागतो. डबा दोन विटांवर ठेवा, खाली जुनी परात. जमिनीला टेकवलेला डबा आठ दिवसांत घाण वास मारतो, कारण तळाची भोकं बुजतात.

तळाला नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीचा, दोन इंचाचा थर. त्यावर विरजण म्हणून दोन मुठी जुनं खत किंवा वाळल्या शेणाचा चुरा. विकतची पावडर लागत नाही. रोजचा कचरा बोटाएवढे तुकडे करून टाकायचा आणि लगेच त्यावर तेवढाच चुरलेला पालापाचोळा. सुताराकडचा भुसा असेल तर निम्मा पुरे. आठवड्यातून दोनदा खुरप्याने तळापर्यंत ढवळायचं. चहाचा चोथा साखर निघेपर्यंत धुऊन, निर्माल्य दोरा काढून. आमटी-रस्सा, दूध, तळणीचं तेल आत नको. नारळाची करवंटीही नको. माशांची खवली-आतडी तर बादलीत अजिबात नाही. ती माडाच्या बुंध्यापासून हातभर लांब, दीड फूट खोल पुरा आणि वर जड दगड ठेवा, नाहीतर कुत्री रात्रीत उकरतात.

लोक सोडून देतात ते साधारण दहाव्या दिवशी. म्हणून भेट तेव्हाच द्यायची, आणि गल्लीतल्याच बाईने. बचत गटातली असली तर उत्तमच. तिने उपदेश करायचा नाही.

“काकू, झाकण काढून बघू?”

“बघ बाई, आत अळ्या झाल्यात. मी टाकून देणार आहे ते.”

“आत हात घालू का? … हे बघा, मूठ दाबली तर पाणी गळतंय. पाला कमी पडलाय.”

मुठीची ही चाचणी प्रत्येकाला शिकवा. मूठ घट्ट दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर ओल जास्त: चार मुठी पाला घालून ढवळा, दोन दिवस नवं काही टाकू नका. हाताला ओल लागतच नसेल आणि मुंग्या लागल्या असतील तर तांब्याभर पाणी शिंपडा. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा नाही. नाकात झोंबणारा, गोठ्यासारखा वास म्हणजे ओला कचरा फार आणि पाला थोडा. पांढरी बुरशी दिसली तर काम चाललंय. करड्या जाड अळ्या किळसवाण्या दिसतात, पण कचरा त्याच खातात. पाला वाढवून झाकण नीट बसवलं की कमी होतात. पुढची भेट एकविसाव्या दिवशी, त्यानंतर बोलावलं तरच.

महिन्याच्या 20 किलो कचऱ्यातून चार-पाच किलो खत निघतं. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं. साल ओळखू येत असेल तर झालेलं नाही. पोत्यात काढून आणखी पंधरा दिवस ठेवा.

या सगळ्याची खरी अडचण पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर वाळका पाला मिळत नाही, हवा दमट, आणि तेव्हाच बादल्या बिघडतात. म्हणून काम जानेवारीत सुरू करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग-आंब्याचा पाला लोक झाडून पेटवतात. तो जाळायच्या आधी उचला, वाळवा, पायाखाली चुरा आणि तांदळाच्या गोणीत दाबून भरा. घराला महिन्याला एक गोणी, पावसाळ्याच्या चार महिन्यांना पाच धरा. वीस घरांच्या शंभर गोण्या होतात. शाळेची पडवी किंवा देवळामागची खोली एप्रिलमध्येच मागून ठेवा, आणि खाली फळ्या टाका, नाहीतर तळची रांग जमिनीच्या ओलीने कुजते.